चौकाला लागलेली चाहूल

चौकातील दिवे केवळ घड्याळाच्या गतीने पालटत, तेव्हा हमरस्त्यावरील वाहने कित्येकदा विनाकारण थांबत. उलट आडरस्त्यावर आलेले एकटे वाहन ताटकळत राही. कोणीतरी वाट पाहत उभे आहे, हे दिव्याला कळावे कसे?

रेल्वे-सिग्नलचे अभियंते चार्ल्स ॲडलर यांनी १९२८ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे खांबावरच्या पेटीत ध्वनिग्राहक बसविला. चालकाने भोंगा वाजविला की दिवा पालटे. परंतु चौकात अहोरात्र भोंगे वाजू लागले, तर शेजाऱ्यांनी झोपावे केव्हा?

त्याच सुमारास हेन्री हॉ या विद्युत अभियंत्याने रस्त्यातच धातूच्या दोन पट्ट्या पुरल्या. चाकाच्या भाराने त्या एकमेकींस टेकत, वीजप्रवाह सुरू होई आणि दिव्यांच्या यंत्राला वर्दी पोचे. ही मूक योजना अमेरिकेत तीसहून अधिक वर्षे प्रचारात राहिली. तथापि बर्फ हटविणाऱ्या नांगराने पट्ट्या उखडत, आणि रस्त्यावर नवा थर चढला की त्या पुन्हा बसवाव्या लागत. शिवाय चाक गेल्याचे त्यांना कळे. वाहन थांबून असल्याचे कळत नसे.

१९६० नंतर लवकरच तारेचे वेटोळे आले. त्याला भार लागत नाही. वाहनाच्या धातूने त्याच्या विद्युत गुणात पडणारा फरक पुरतो. मात्र सायकलीची चाहूल त्याला कधीकधी लागत नाही, आणि पादचाऱ्याची तर मुळीच नाही. त्याच्यासाठी खांबावर निराळे बटण लावावे लागते. ते जेथे नाही, तेथे पायी चालणारा दिव्याच्या लेखी चौकात आलेलाच नसतो.