पाट्या अंथरून धावपट्टी! लष्कराच्या 'मॅटिंग'ची चाचणी कशी होते?

विमान उतरवायचंय, पण धावपट्टी नाही आणि काँक्रीट ओतून ते घट्ट होईपर्यंत थांबायला वेळही नाही. अशा वेळी सैन्य धातूच्या पाट्या एकमेकींत अडकवून थेट जमिनीवर अंथरतं. यालाच मॅटिंग म्हणतात.

याची पहिली मोठी चाचणी अमेरिकेत नोव्हेंबर 1941 मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातल्या मार्स्टन गावाजवळ झाली. म्हणून नाव पडलं 'मार्स्टन मॅट'. एक पोलादी पाटी 10 फूट लांब, 15 इंच रुंद, वजन सुमारे 30 किलो. भोकांमुळे वजन कमी होतं आणि पाणीही निघून जातं. तरी हिशोब करून बघा: 3,000 फूट लांब आणि 150 फूट रुंद पट्टीला 36,000 पाट्या लागतात, म्हणजे हजार टनांहून जास्त लोखंड! ॲल्युमिनियमची पाटी आली तेव्हा वजन जवळपास निम्मं झालं.

मग आणखी हलकी का नाही करत? कारण खरी परीक्षा चाकाची असते. कारच्या टायरमध्ये 30-35 पीएसआय हवा असते, तर एफ-15ई सारख्या लढाऊ विमानाच्या टायरमध्ये 300 पीएसआयहून जास्त. एवढा दाब छोट्याशा जागेवर येतो आणि पाटी पातळ असेल तर तो सरळ खालच्या मातीत उतरतो.

चाचणीत विमान उडवत नाहीत. मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गमध्ये अमेरिकी लष्कराचं संशोधन केंद्र आहे. तिथे मुद्दाम मऊ मातीचा थर तयार करतात, त्यावर मॅट अंथरतात आणि विमानाचं चाक लावलेली वजनदार गाडी तिच्यावरून पुन्हा पुन्हा फिरवतात. किती फेऱ्यांनंतर पाट्या तुटल्या, सांधे उघडले, चाकोरी किती खोल गेली, हे मोजतात.

पण माती दगा देते. व्हिएतनाममधल्या चू लाय इथे 1965 मध्ये अमेरिकी मरीन्सनी ॲल्युमिनियमच्या 'एएम-2' मॅटवर तळ उभारला. काम सुरू झाल्यावर महिन्याच्या आत, 1 जूनला, पहिलं जेट उतरलं. नंतर पावसाचं पाणी सांध्यांतून झिरपून खालचा थर खचला आणि पट्टीचे भाग उचलून पुन्हा बसवावे लागले. पाट्या धड होत्या, बरं का!

आपल्याकडे अरुणाचलच्या मेचुकामध्येही वर्षानुवर्षं विमानं भोकांच्या पोलादी पाट्यांवरच उतरत होती. पक्की धावपट्टी नंतर झाली.