हार्वेला न सापडलेले अंडे

सस्तन प्राण्यांची मादीही अंडे तयार करते, हे वाक्य आपण वर्गात एका दमात सांगून मोकळे होतो आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. पण हे अंडे प्रत्यक्ष दिसायला १८२७ साल उजाडावे लागले. रक्ताभिसरणाचा सिद्धांत त्यापूर्वी दोनशे वर्षे, म्हणजे १६२८ साली मांडला गेला होता. शेळ्यामेंढ्या तर माणूस सुमारे दहा हजार वर्षे पाळत आला आहे. मग एवढा उशीर का झाला? याचे उत्तर जितके माणसांच्या समजुतींत आहे तितकेच रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या गर्भाशयात दडलेले आहे.

राजाची हरणे

रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे हा इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा वैद्य होता. राजाला हरणांच्या शिकारीचा नाद होता. हार्वेने या संधीचा उपयोग करून घेतला. समागमाच्या हंगामात आणि त्यानंतर मारल्या गेलेल्या माद्यांचे तो पद्धतशीर विच्छेदन करी.

त्या काळी अ‍ॅरिस्टॉटलचे मत प्रमाण मानले जाई. नराचे वीर्य आणि मादीचे रक्त गर्भाशयात एकत्र येतात, विरजण लावल्यावर दूध घट्ट व्हावे तसे ते साकळते आणि त्यातून गर्भ घडतो, असे हे मत होते. तसे असेल तर समागमानंतर गर्भाशयात साकळलेला गोळा दिसायला हवा. हार्वेला ऑक्टोबरभर गर्भाशये रिकामीच दिसली. राजाच्या पदरच्या लोकांचा यावर विश्वास बसेना. तेव्हा हॅम्प्टन कोर्टच्या उपवनात काही माद्या समागमाचा काळ संपल्यावर नरांपासून वेगळ्या ठेवण्यात आल्या. त्यांतल्या काहींचे विच्छेदन केले, तर गर्भाशये रिकामी. उरलेल्यांना मात्र यथाकाल पाडसे झाली!

नोव्हेंबरच्या मध्याला हार्वेला गर्भाशयाच्या एका शिंगापासून दुसऱ्या शिंगापर्यंत पसरलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट तंतू दिसले. तीच त्याच्या मते गर्भाची सुरुवात. मादीच्या अंडाशयात त्याला काहीच बदल आढळला नाही. म्हणून अंडाशयाचा गर्भधारणेशी संबंध नाही, असे त्याने ठरवले. १६५१ साली त्याचा ग्रंथ निघाला. त्याच्या मुखपृष्ठावरील चित्रात ज्युपिटर देव अंडे उघडतो आहे आणि त्यातून सारे जीव बाहेर पडत आहेत. म्हणजे सर्व जीव अंड्यातून येतात असे सांगणाऱ्या हार्वेला सस्तन प्राण्याचे अंडे काही सापडले नव्हते. वीर्याचा परिणाम एखाद्या संसर्गासारखा, स्पर्श न उरताही होत असावा, अशी कल्पना त्याला करावी लागली.

ग्राफचा हिशेब

डच वैद्य रेग्निये द ग्राफ याने ससा निवडला आणि १६७२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. समागमानंतर अंडाशयावरील किती पुटिका फुटल्या हे तो मोजी आणि मग नळीत व गर्भाशयात किती गोलक सापडतात तेही मोजी. दोन्ही आकड्यांचा मेळ बसत होता. मात्र नळीतले गोलक पुटिकांच्या मानाने फारच लहान होते. पुटिकेचा काही भाग मागे राहत असावा, असा तर्क त्याने केला आणि तो योग्य होता. पण पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तो वारला.

नंतरच्या अनेकांनी पुटिका म्हणजेच अंडे असे धरले. त्यावर लेव्हेनहूकचा आक्षेप रास्त होता. एवढी मोठी पुटिका एवढ्या अरुंद नळीतून जाईलच कशी? १६७७ साली शुक्रजंतू पाहिलेल्या या माणसाने मग सारे श्रेय शुक्रजंतूलाच दिले. काहींच्या मते तर मादी म्हणजे केवळ शेत आणि बी सगळे नराचे. अठराव्या शतकाच्या मध्याला ग्योटिंगेनमध्ये हालर आणि त्याच्या विद्यार्थ्याने मेंढ्यांची तपासणी केली. सुरुवातीच्या दिवसांत त्यांनाही अंडे सापडले नाही. अंडे गर्भाशयातल्या द्रवातूनच घडत असावे, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

अखेर १८२७ साली क्योनिग्सबर्ग येथे कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने एका कुत्रीच्या अंडाशयातील पुटिकेत पिवळसर ठिपका पाहिला. पुटिका उघडून तो ठिपका त्याने सूक्ष्मदर्शीखाली ठेवला. ते अंडे होते! पुटिका हे अंड्याचे घर, अंडे नव्हे.

शेळीच्या गर्भाशयात काय घडते?

हार्वे आणि हालर निष्काळजी नव्हते. त्यांनी निवडलेले प्राणी अवघड होते. हरीण, मेंढी आणि शेळी हे सारे रवंथ करणारे. शेळीचे उदाहरण घेऊ.

शेळीची अंडपेशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका. अंडनलिकेच्या आतल्या थरात दोन प्रकारच्या पेशी असतात. काहींवर सूक्ष्म केसांसारख्या पक्ष्माभिका असतात, तर काही द्रव स्रवतात. फलन या नलिकेतच होते आणि चार-पाच दिवसांनी गर्भ गर्भाशयात उतरतो. पण तेथे तो लगेच चिकटत नाही. गर्भाशयाच्या अस्तरावर बटणांसारखे उंचवटे रांगांनी मांडलेले असतात. या बटणांवर ग्रंथी नसतात. त्यांच्या मधल्या जागेत मात्र ग्रंथींची दाटी असते आणि त्यांच्या स्रावावर गर्भ पोसला जातो. दुसरा आठवडा संपत आला की गोल गर्भ लांबू लागतो आणि त्याचा पातळ, पारदर्शक धागा होतो. विच्छेदनात हा धागा चिकट स्रावात मिसळून जातो. जवळजवळ तीन आठवड्यांनी तो बटणांशी जोडला जाऊ लागतो. हार्वेने पाहिलेले कोळ्याचे जाळे ते हेच. आधीच्या दिवसांतले गर्भ त्याच्या सुरीखालून निसटून गेले असणार.

अंडाशयाचेही तसेच. पुटिका फुटल्यावर त्या जागी पीतपिंड तयार होतो. गर्भाचा हा धागा इंटरफेरॉन टाऊ नावाचे प्रथिन स्रवतो आणि त्यामुळे पीतपिंड टिकून राहतो. शेळीत संपूर्ण गर्भारपण, म्हणजे सुमारे दीडशे दिवस, पीतपिंडाच्या प्रोजेस्टेरॉनवरच अवलंबून असते. तो काढून टाकला तर गर्भपात होतो. हार्वेने ज्या अवयवाला वगळले, त्याच्याच आधारावर त्या हरिणींच्या पोटात गर्भ तग धरून होता.

वर्गासाठी

हा इतिहास मुलांना सांगताना हार्वेला चुकलेला म्हणून बाजूला सारू नये, असे आम्हाला वाटते. साकळलेल्या गोळ्याची कल्पना त्याने प्रयोगाने खोडून काढली, हे मोठेच काम होते. गोळा असता तर तो डोळ्यांना दिसलाच असता, म्हणून तो न दिसणे हा पुरावा ठरला. अंडे मात्र असूनही दिसण्याजोगे नव्हते, म्हणून ते न दिसणे हा पुरावा ठरत नव्हता. या दोन 'नाहीं'मधला फरक मुलांना स्वतः शोधू द्यावा.

ग्राफचा हिशेबही करून पाहता येईल. आपल्याकडील उस्मानाबादी शेळी जुळ्या करडांसाठी प्रसिद्ध आहे. खाटकाकडून शेळीची अंडाशये मिळाली तर त्यांवरचे पीतपिंड साध्या भिंगाने मोजता येतात. दोन पीतपिंड म्हणजे त्या खेपेला दोन अंडपेशी सुटल्या होत्या. मात्र शेळ्यांकडून माणसाला ब्रुसेलोसिस होऊ शकतो. म्हणून ताजे अवयव मुलांच्या हाती देऊ नयेत. शिक्षकांनी हातमोजे घालून ते फॉर्मॅलिनमध्ये नीट मुरवावेत, नंतर पाण्याने धुऊन बंद बाटलीतून दाखवावेत आणि मोजणी मुलांकडून करून घ्यावी.