नऊ महिने जहाजावर : जगप्रदक्षिणेच्या क्रूझवर माणसं राहतात कशी?

१० डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या मायामी बंदरातून 'सेरेनेड ऑफ द सीज' नावाचं जहाज निघालं. परत त्याच बंदरात आलं ते तब्बल २७४ रात्रींनी, १० सप्टेंबर २०२४ रोजी. मधल्या काळात सातही खंडांचे किनारे आणि ६० हून जास्त देश पालथे घालायचे, असा हा बेत होता. रॉयल कॅरिबियन कंपनीने त्याला 'अल्टिमेट वर्ल्ड क्रूझ' असं नाव दिलं होतं.

जहाज सुटून काही दिवस होतात न होतात, तोच टिकटॉकवर या प्रवासाची मालिका सुरू झाली. काही प्रवासी रोजचे व्हिडिओ टाकू लागले आणि लाखो लोक ते एखाद्या रिॲलिटी शोसारखे बघू लागले. कुणाचं भांडण होणार, कुणाचं लग्न ठरणार, कोण मधेच उतरणार, यावर बघणाऱ्यांनी चक्क बिंगोची कार्डं बनवली.

प्रत्यक्षात तसं फार काही घडलं नाही. पण त्या निमित्ताने एक प्रश्न अनेकांना पडला. एवढे महिने समुद्रावर राहायचं म्हणजे करायचं काय? आणि हे सगळं चालतं कसं?

जगप्रदक्षिणेची क्रूझ म्हणजे काय?

नेहमीची क्रूझ तीन ते पंधरा दिवसांची असते. जगप्रदक्षिणेच्या क्रूझला मात्र साधारण १०० ते १३० दिवस लागतात. नऊ महिन्यांची सफर हा त्यातला अपवाद.

कल्पना नवी नाही. पनामा कालवा १९१४ मध्ये खुला झाला आणि जहाजाला दक्षिण अमेरिकेला वळसा न घालता अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये जाता येऊ लागलं. सुएझ कालवा त्याआधीच, १८६९ पासून सुरू होता. दोन्ही कालवे हाताशी आल्यावर १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये क्यूनार्ड कंपनीचं 'लॅकोनिया' हे जहाज न्यूयॉर्कहून निघालं आणि पुढच्या वर्षी जग फिरून परत आलं. अखंड जगप्रदक्षिणा करणारी ही पहिली प्रवासी क्रूझ मानली जाते.

आज क्यूनार्ड, एमएससी, कोस्टा अशा कंपन्या अशा सफरी काढतात. जपानची 'पीस बोट' ही संस्था १९८३ पासून बोटीच्या सफरी काढते आणि त्यांना शांतता, पर्यावरण अशा विषयांवरच्या चर्चांची जोड देते.

सगळेच प्रवासी पूर्ण फेरी करतात असंही नाही. कंपन्या प्रवासाचे तुकडे पाडून विकतात. त्यामुळे काही लोक मधल्या बंदरावर चढतात, काही उतरतात. पूर्ण फेरी करणारे मात्र जहाजावरचे 'जुने रहिवासी' होऊन जातात.

खर्च किती आणि जागा किती?

'सेरेनेड'च्या सफरीची घोषणा ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली, तेव्हा सर्वांत स्वस्त केबिनचा दर माणशी ६०,९९९ डॉलर होता. त्या वेळच्या दराने ही रक्कम ४५ लाख रुपयांच्या वर जाते. २७४ रात्रींनी भागलं तर दिवसाला साधारण साडेसोळा हजार रुपये. राहणं, जेवण, करमणूक आणि प्रवास या सगळ्याचे मिळून.

एवढे पैसे मोजून मिळते काय? सर्वांत स्वस्त केबिन जहाजाच्या आतल्या बाजूला असते. तिला खिडकी नसते. क्षेत्रफळ साधारण १६० ते १७० चौरस फूट, म्हणजे वरळीच्या बीडीडी चाळीतल्या जुन्या खोलीएवढंच. त्यात पलंग, कपाट, छोटं टेबल आणि बाथरूम. दिवस उजाडला की नाही, हे घड्याळ बघूनच कळतं.

साहजिकच माणसं केबिनमध्ये फक्त झोपायला जातात. बाकीचं आयुष्य जेवणाच्या हॉलमध्ये, डेकवर, वाचनालयात आणि थिएटरमध्ये जातं. तेच शेजारी, तीच टेबलं, तेच वेटर. काही आठवड्यांत जहाजाची चाळ होते. कोण आजारी आहे, कुणाचं कुणाशी बिनसलंय, हे सगळ्यांना माहीत असतं.

दिवस कसा जातो?

अशा प्रवासाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे रोज नवा देश. जहाज विमानाच्या वेगाने जात नाही. २० नॉट म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर. या वेगाने लॉस एंजेलिसहून होनोलुलूला पोचायला साडेचार दिवसांहून जास्त वेळ लागतो. तेवढे दिवस चारी बाजूंना फक्त पाणी.

या दिवसांसाठी जहाजावर भरगच्च वेळापत्रक असतं. व्याख्यानं, नाचाचे वर्ग, पत्त्यांचे डाव, व्यायाम, रात्रीचे कार्यक्रम. शिवाय रोजची साधी कामं असतातच. कपडे धुवायला टाकायचे, औषधं संपत आली का बघायचं, बँकेची कामं ऑनलाइन उरकायची. रॉयल कॅरिबियनने २०२२ मध्ये आपल्या जहाजांवर स्टारलिंकचं उपग्रह इंटरनेट आणायचं जाहीर केलं. भर समुद्रातून व्हिडिओ टाकणं सोपं झालं ते अशा सोयीमुळे.

बंदर आलं तरी वेळ मोजकाच मिळतो. बऱ्याच ठिकाणी जहाज सकाळी लागतं आणि संध्याकाळी सुटतं. आठ-दहा तासांत अख्खं शहर बघून परतायचं. स्वतःहून फिरायला गेलेला प्रवासी वेळेत आला नाही, तर जहाज त्याच्यासाठी थांबेलच असं नाही. मग पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठावं लागतं.

घड्याळाचीही एक गंमत असते. पृथ्वीवर १५ रेखांश ओलांडले की एका तासाचा फरक पडतो. जहाज पश्चिमेकडे जात असेल, तर दर काही दिवसांनी घड्याळ एक तास मागे घेतात आणि प्रवाशांना २५ तासांचा दिवस मिळतो. पण पॅसिफिकमध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की कॅलेंडरमधला एक अख्खा दिवस गायब होतो. तासातासाने मिळालेला वेळ एका फटक्यात परत द्यावा लागतो.

हा प्रकार पहिल्यांदा लक्षात आला १५२२ मध्ये. मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलेलं जहाज पृथ्वीला वळसा घालून केप व्हर्द बेटांवर पोचलं. खलाशांच्या रोजनिशीत बुधवार होता, किनाऱ्यावर मात्र गुरुवार उजाडलेला होता.

पाणी, कचरा आणि आजारपण

'सेरेनेड'सारख्या जहाजावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून सुमारे तीन हजार माणसं मावतात. आपल्याकडच्या मध्यम गावाएवढी ही वस्ती. गावाला लागतं ते सगळं इथेही लागतं.

गोडं पाणी मोठ्या प्रमाणात समुद्रातूनच तयार होतं. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर खाऱ्या पाण्याची वाफ करून ती थंड करतात, किंवा पाणी जास्त दाबाने बारीक पडद्यातून गाळतात. कचऱ्यासाठी 'मारपोल' या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम आहेत. प्लॅस्टिक समुद्रात टाकायला सगळीकडे बंदी आहे. अन्नाचा कचरासुद्धा किनाऱ्यापासून ठरलेल्या अंतरापलीकडेच सोडता येतो.

अंटार्क्टिकाचे नियम आणखी कडक आहेत. ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला तिथे माणसं उतरवता येत नाहीत. त्यामुळे मोठ्या क्रूझवरचे प्रवासी हा खंड डेकवरूनच बघतात. 'सातही खंड' या जाहिरातीचा अर्थ लावताना हे लक्षात ठेवायला हवं.

आजारपण हा खरा काळजीचा विषय. लांबच्या क्रूझवर निवृत्त लोक मोठ्या संख्येने असतात. जहाजावर डॉक्टर, नर्स आणि छोटा दवाखाना असतो, पण मोठी शस्त्रक्रिया तिथे होत नाही. रुग्णाला पुढच्या बंदरावर उतरवतात किंवा किनारा जवळ असेल तर हेलिकॉप्टर बोलावतात. पॅसिफिकच्या मध्यावर दोन्ही शक्य नसतं. तिथे जहाजाचा दवाखाना हाच एकमेव आधार. प्रवासात मृत्यू झालाच, तर मृतदेह ठेवण्यासाठी मोठ्या जहाजांवर शीतगृहाची सोय असते.

त्याच जहाजाचा खालचा मजला

प्रवाशांच्या व्हिडिओत न दिसणारं एक जग याच जहाजावर असतं. 'सेरेनेड'वर कर्मचाऱ्यांची संख्या नऊशेच्या घरात आहे. त्यांच्या खोल्या बहुतेक खालच्या डेकवर असतात. एका खोलीत सहसा दोघं, वर-खाली पलंग. जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांच्यासाठी एक लांब बोळ असतो. अमेरिकेतल्या महामार्गावरून त्याला अनेक जहाजांवर 'आय-९५' म्हणतात. सामान, भाजी, कपडे, माणसं सगळं तिथूनच जातं.

या मजल्याशी महाराष्ट्र आणि गोव्याचं जुनं नातं आहे. मुंबई, वसई, कोकणात 'मुलगा शिपवर असतो' हे वाक्य अनेक घरांत ऐकू येतं. गोव्यात जहाजावर काम करणाऱ्याला 'तारवटी' असा खास शब्दच आहे. स्वयंपाकघर, हाउसकीपिंग, बार, इंजिनरूम अशा सगळ्या विभागांत ही मंडळी असतात.

करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा. त्या काळात आठवड्याची सुट्टी नसते, काम रोजच. यावर मर्यादा घालते 'सागरी कामगार करार २००६' ही आंतरराष्ट्रीय नियमावली. भारताने ती २०१५ मध्ये स्वीकारली. कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असं ती सांगते. दिवसाची ही विश्रांती दोन तुकड्यांत देता येते, पण त्यातला एक तुकडा किमान सहा तासांचा हवा. वर प्रवाशाला २५ तासांचा दिवस मिळतो, तेव्हा खाली अनेकांच्या रात्रपाळीचे तास वाढतात.

म्हणून नऊ महिन्यांच्या सफरीत कर्मचारी मधेच बदलतात. प्रवासी तेच राहतात, पण ओळखीचा झालेला वेटर एखाद्या बंदरावर उतरून घरी जातो.

ठरलेलं बिघडलं तर?

एवढ्या लांबच्या प्रवासात जग आहे तसं राहील, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. 'सेरेनेड' निघालं तेव्हा लाल समुद्रात हूती बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले होते. अखेर सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालावा लागला आणि ठरलेली काही बंदरं गळली.

२०२० मध्ये तर प्रवाशांच्या पायाखालचं जगच बदललं. 'कोस्टा डेलिझिओसा' आणि 'एमएससी मॅग्निफिका' ही जहाजं जानेवारीत जगप्रदक्षिणेला निघाली होती. मार्चमध्ये कोरोनामुळे बंदरं बंद झाली. कित्येक आठवडे प्रवाशांना जमिनीवर पाय ठेवता आला नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात ही जहाजं युरोपात परतली, तेव्हा लॉकडाउन काय असतो हे त्यांच्या प्रवाशांना पहिल्यांदाच अनुभवायला मिळालं.

प्रवासी घरी गेले, तरी कर्मचारी मात्र जगभर अडकून पडले. एप्रिल २०२० मध्ये 'मरेला डिस्कव्हरी' या जहाजावरच्या सुमारे दीडशे भारतीय कर्मचाऱ्यांना मुंबईत उतरायची परवानगी मिळाली, ती बरीच धावाधाव झाल्यावर. त्यात गोव्याचे तारवटीही होते.

कधी कधी जहाजच मिळत नाही. 'लाइफ ॲट सी' ही तीन वर्षांची क्रूझ नोव्हेंबर २०२३ मध्ये सुटणार होती. कंपनीला जहाज विकत घेता आलं नाही आणि सफर रद्द झाली. 'व्हिला व्ही ओडिसी' हे जहाज मे २०२४ मध्ये बेलफास्टहून निघणार होतं, ते दुरुस्तीमुळे सप्टेंबरअखेरपर्यंत तिथेच राहिलं. जगभर फिरायला आलेल्यांनी चार महिने एकाच शहराच्या आसपास काढले.

जायचं असेल तर?

भारतीय प्रवाशासाठी पैशांइतकाच मोठा प्रश्न व्हिसाचा. वाटेतल्या अनेक देशांसाठी भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा लागतो. त्यातही एक पेच आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधीच अर्ज करता येतो. म्हणजे जहाज सातव्या-आठव्या महिन्यात युरोपला पोचणार असेल, तर निघण्यापूर्वी त्या प्रवासासाठी अर्जच करता येत नाही. आधीपासून दीर्घ मुदतीचा व्हिसा हातात असेल तरच हा भाग सोपा जातो. शिवाय आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांतून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. वैद्यकीय विमा घेताना त्यात समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय का, हे बघणं गरजेचं.

प्रवासी म्हणून नाही, तर नोकरीसाठी जायचं असेल तर नियम वेगळे. त्यासाठी सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक आणि सुरक्षेचे मूलभूत कोर्स लागतात. भरती करणाऱ्या एजंटकडे मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा, आरपीएसएल परवाना असायला हवा. परवानाधारक एजंटांची यादी महासंचालनालयाच्या वेबसाइटवर बघता येते. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च उमेदवाराला करावा लागू शकतो. पण नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला मनाई आहे. 'क्रूझवर लावून देतो, दोन लाख भरा' असं कुणी म्हणालं, तर पैसे भरण्याआधी ती यादी उघडून बघा.