पाणी उजव्या हाताला

कार्तिकी एकादशी उलटली की ओंकारेश्वरच्या दक्षिण घाटावर न्हाव्यांना उसंत नसते. नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्याचे आधी मुंडन, मग स्नान, मग संकल्प. त्यानंतर 'कढई', म्हणजे शिरा करून तो नर्मदेला दाखवायचा आणि कुमारिकांना खाऊ घालायचा. सगळ्यात शेवटी एक लहानशी बाटली नदीच्या पाण्याने भरायची. पुढचे कित्येक महिने रोज पूजा होणार ती या बाटलीची. एवढे सोपस्कार ओंकारेश्वरात होतात, पण खुद्द ओंकारेश्वराचे दर्शन मात्र राहते. ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे. तिथे जायचे तर नर्मदेचा प्रवाह ओलांडावा लागेल आणि संकल्प सोडल्यावर ती मुभा नाही. म्हणून अलीकडच्या काठावरल्या ममलेश्वराला नमस्कार करून माणूस पश्चिमेकडे तोंड करतो आणि निघतो. पाणी उजव्या हाताला ठेवून.

वाटेबद्दल त्याला खात्रीने ठाऊक असते ते एवढेच. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहत जाऊन भरूचच्या पुढे खंभातच्या आखातात मिळते. दोन्ही काठ धरले तर अंतर साधारण २६०० किलोमीटर भरते, आडवळणे वेगळीच. पंढरीच्या वारीला पालखीमार्ग असतो, मुक्काम ठरलेले असतात, दिंड्यांना क्रमांक असतात, वेळापत्रक छापून येते. नर्मदेच्या काठी शतकानुशतके यातले काहीच नव्हते. नदी डोळ्याआड होऊ नये, ती ओलांडू नये, प्यायला तिचेच पाणी घ्यावे, पावसाळ्यात चालू नये, एवढ्या चार नियमांत मार्गदर्शन संपायचे. उपनद्या ओलांडायला हरकत नाही. मार्कंडेय ऋषींनी मात्र त्याही ओलांडल्या नाहीत. प्रत्येक उपनदीच्या उगमाला वळसा घालत ते गेले आणि त्यांना सत्तावीस वर्षे लागली, असे सांगतात. बाकीच्यांनी तेवढा हट्ट धरला नाही, ते बरेच झाले.

परिक्रमेचा शास्त्रोक्त काळ तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. सुमारे बाराशे दिवसांत २६०० किलोमीटर म्हणजे दिवसाला दोन किलोमीटरांच्या थोडे वर. तीन चातुर्मासांचा मुक्काम वजा केला तरी तीनच्या आसपास. एवढे तर घरातले आजोबा सकाळी फिरून येतात. तेव्हा हे वेळापत्रक चालण्याचे नाही, थांबण्याचे आहे. घाटाघाटावर राहायचे, तिथली देवळे पाहायची, कुणी महाराज भेटले तर पंधरा दिवस त्यांच्यापाशी काढायचे, पाऊस लागला की चार महिने एका गावात पथारी टाकायची. इंग्रजी अमदानीतल्या इंपीरियल गॅझेटियरने भरूचपासून उगमापर्यंत जाऊन दुसऱ्या काठाने परतण्याला एक ते दोन वर्षे लागतात अशी नोंद केली आहे. म्हणजे प्रत्यक्षात लोक तेव्हाही शास्त्रापेक्षा भरभर चालत होते. आज बहुतेक जण दिवसाला वीस-बावीस किलोमीटर काटतात. कार्तिकात निघायचे आणि पावसाच्या आत परतायचे असे गणित असते, कारण चातुर्मासात अडकले की रजा संपते.

ठरलेली वाट नसताना एवढी माणसे पोचत कशी होती? या प्रश्नाचे उत्तर नकाशात सापडत नाही, ते सदावर्तात सापडते. सदावर्त म्हणजे शिधा: कणीक, डाळ, मीठ, मिळाले तर तूप. परिक्रमावासीने उद्याचा साठा करायचा नाही आणि काठावरल्या गावाने त्याला उपाशी जाऊ द्यायचे नाही, असा हा दोन्ही बाजूंचा अलिखित करार. संध्याकाळी गावाच्या तोंडाशी 'नर्मदे हर' अशी हाक ऐकू आली की कुणीतरी विचारणारच: बनाके खाओगे या बना-बनाया? हातात शिधा पडता पडता पुढच्या मुक्कामाचीही माहिती मिळे. अमक्या गावात धर्मशाळा आहे, तमक्या नाल्याला अजून पाणी आहे, वरून जा. पुढचा दिवस आदल्या रात्री, चुलीशी बसून, दुसऱ्याच्या तोंडून ठरायचा.

या व्यवस्थेत मराठी हात बराच आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरहून राज्य चालवले. महेश्वर उत्तर तटावर, ऐन परिक्रमेच्या वाटेवर. घाट, देवळे, धर्मशाळा, अन्नछत्रे यांवर त्यांनी केलेल्या खर्चाचे गोडवे देशभर गायले जातात. नर्मदेवर तर त्यांचे घरच होते. दक्षिण तटावर रावेरखेडीला थोरल्या बाजीरावाची समाधी लागते. १७४० च्या एप्रिलात तो तिथेच, छावणीत गेला. उत्तर तटावरच्या गरुडेश्वरला माणगावच्या टेंबे स्वामींनी, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींनी, १९१४ मध्ये देह ठेवला. मराठी माणूस घरापासून शेकडो मैलांवर असतो आणि तिथे त्याच्या कानांवर दत्ताची मराठी आरती पडते.

आणि पुस्तके. गोनीदांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' वाचून नर्मदेची ओढ लागलेली एक अख्खी पिढी होती. पुढची पिढी जगन्नाथ कुंट्यांच्या 'नर्मदे हर हर'ने घराबाहेर काढली. ही पुस्तके काही वाटाड्या नव्हेत. वाचणारे मात्र समासात गावांची नावे लिहून ठेवत आणि निघताना ती वहीत उतरवून घेत.

सगळ्या वह्यांत एका टप्प्यापुढे प्रश्नचिन्ह असायचे: शूलपाणीची झाडी. बडवानी सोडल्यावर सातपुडा आणि विंध्य नदीला दोन्हीकडून दाबत आणतात. गावे विरळ, पाडे डोंगरावर, सदावर्त नाही. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा येते ती इथेच, नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, जेमतेम चोपन्न किलोमीटर. अश्वत्थामा या रानात अजून भटकतो, असा समज. अश्वत्थामा भेटो न भेटो, भिल्ल भेटायचे. ते वाट अडवून झोळी, घोंगडी, भांडी, अंगावरचे कपडेही उतरवून घेत आणि माणसाला लंगोटीवर सोडून देत. त्यांना 'मामा' म्हणायची रीत आहे. नर्मदा आई, तर तिचे भाऊ ते मामा. आणि मामाने भाच्याचे ओझे उतरवले तर बिघडले कुठे? या विनोदात शहाणपण होते. झाडीच्या अलीकडे जाणती मंडळी चांगल्या चीजवस्तू वाटून टाकत. ज्याच्याजवळ काही नाही त्याला लुटणार काय? हे झाले भाच्यांच्या बाजूचे. मामांची बाजू सांगणारे पुस्तक मात्र क्वचितच दिसते. डोंगरउतारावरच्या तोकड्या शेतीत त्यांची चूल कशी पेटत होती, हे लुटले गेलेल्यांच्या वर्णनांतूनच ताडावे लागते.

मग झाडीच पाण्याखाली गेली. सरदार सरोवराची कोनशिला १९६१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. धरण पूर्ण उंचीला पोचून त्याचे लोकार्पण झाले ते २०१७ मध्ये. मधल्या काळात नर्मदा बचाव आंदोलन उभे राहिले आणि १९९३ मध्ये महाराष्ट्रातल्या मणिबेलीत पाणी शिरले. महाराष्ट्रातली तेहेतीस गावे बुडिताच्या यादीत आली. जुने शूलपाणेश्वराचे देऊळ बुडाले, नवे गोऱ्याला बांधले. जलाशयाची लांबी २१४ किलोमीटर. तेवढ्या पट्ट्यात 'काठ' या शब्दाचाच अर्थ बदलला. वर बर्गी, इंदिरासागर, ओंकारेश्वर अशी धरणे आधीच होती. इंदिरासागरासाठी २००४ मध्ये हरसूद हे बाजारपेठेचे अख्खे गाव लोकांनी स्वतःच्या हातांनी पाडले.

नदी डोळ्याआड होऊ नये हा नियम इथे मोडतोच. काही जण पाण्याच्या कडेकडेने, डोंगर चढत-उतरत, पाड्यांवर मुक्काम करत जातात. पुष्कळ जण शहादा, तळोदा, अक्कलकुवा असा सपाटीवरचा हमरस्ता धरतात. गाडीतून परिक्रमा करणारे तर प्रकाशाला थांबतात, आणि प्रकाशे आहे तापीच्या तीरावर! नर्मदेच्या प्रदक्षिणेत तापीस्नान घडते, याचे कुणाला फारसे काही वाटत नाही.

जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांनी १९७७ पासून ही परिक्रमा तुकड्यातुकड्यांनी केली. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली शिकलेला हा माणूस चालायचा, रेखाटने करायचा, घरी येऊन लिहायचा. जबलपूरच्या वरचा काठ त्यांनी पाहिला तो बर्गीचा जलाशय भरण्याआधी. आता त्यांची पुस्तके वाचून कुणी त्या काठाने निघाला, तर पुस्तकातली वाट त्याला पाण्याखाली शोधावी लागेल.

समुद्राशी तर माणसाच्या नियोजनाला काही किंमतच नाही. दक्षिण तट विमलेश्वरपाशी संपतो. तिथून नावेने खाडी ओलांडून उत्तरेला मिठी तलाईला उतरायचे. नाव सुटते भरतीच्या हिशेबाने. भरती पहाटे तीनला असेल तर तीनला, दुपारी असेल तर दुपारी. पुरेशी माणसे जमली नाहीत तर उद्या. तोवर पन्नास-साठ जण सतरंज्यांवर पडून असतात. कुणी पायाच्या फोडांना तेल लावतो, कुणी कपडे वाळवतो. नावेत बसल्यावर बाटलीतले थोडे पाणी सागरात सोडायचे आणि संगमाचे थोडे तीत भरून घ्यायचे. ओहोटीत सापडलेली नाव गाळात रुतते. मग पुढच्या भरतीपर्यंत 'नर्मदे हर' म्हणत बसण्यापलीकडे इलाज नसतो. जलहरी परिक्रमा करणारे हेही टाळतात. शिवलिंगाची सोमसूत्री प्रदक्षिणा जशी पन्हळ न ओलांडता मागे फिरते, तसे ते समुद्रापासून उलटे फिरून सगळा काठ पुन्हा तुडवत जातात.

अलीकडे या वाटेला सरकारी शिक्के मिळाले आहेत. निघताना ओंकारेश्वरच्या नगर परिषदेचा दाखला घ्यायचा, आश्रमाआश्रमांत वहीवर शिक्के घ्यायचे. मोबाइलवर मुक्कामांच्या याद्या फिरतात: इथे चहा मिळतो, इथे अंथरूण मिळते, इथे रात्री आठला दार बंद. चुलीशी बसून मिळायची तीच माहिती, फक्त हिला धुराचा वास नाही. नवे पेचही आले. उत्तर तटावर सरदार सरोवराचा मुख्य कालवा आडवा येतो. त्यातले पाणी नर्मदेचेच. तो ओलांडला तर नर्मदा ओलांडली का? कालवा म्हणजे नदी नव्हे, असे म्हणून बहुतेक जण पुलावरून पुढे जातात. मार्कंडेय असते तर राजस्थानपर्यंत वळसा घालून आले असते.

दुसरीकडे, चैत्रात गुजरातेत रामपुरा आणि तिलकवाडा यांच्यामध्ये उत्तरवाहिनी परिक्रमेला लोटणारी गर्दी दरवर्षी वाढते आहे. तिथे नदी उत्तरेकडे वाहते, म्हणून त्या तुकड्याला माहात्म्य. जेमतेम एकवीस किलोमीटर, एका दिवसाचे काम. वाटेवर मांडव, दिवे, पाण्याची सोय, फलक, सगळे असते. या परिक्रमेत नर्मदा ओलांडावी लागते. एकदा नव्हे, दोनदा, नावेच्या रांगेत उभे राहून.