रात्रभर भिजलेलं धान्य आणि बाळाचा पहिला घास

मागच्या रांगांमध्ये बाळांना घेऊन बसलेल्या मुलींना आधीच सांगतो. बाळ रडलं तर उठून बाहेर जाऊ नका, आजचं व्याख्यान त्यांच्याबद्दलच आहे. (हशा)

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस भिवंडीत येऊन बाळाच्या पेजेवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण प्रश्न तुमच्याच घरांतून आलेला आहे. हल्ली तरुण आया विचारतात, ‘ओट्स रात्री दुधात भिजवून ठेवायचे आणि सकाळी तसेच बाळाला भरवायचे, चालेल का?’ आजी म्हणते, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ मला वाटतं, आजीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ओट्स नव्हते. आपल्याकडे हे धान्य जई म्हणून गुरांच्या वैरणीत होतं. पण रात्रभर भिजवणं मात्र होतं, आणि ते फार जुनं आहे. म्हणून ओट्स चांगले की नाचणी चांगली, हा वाद आज बाजूला ठेवू. रात्र धान्याचं काय करते, हे कोणाकोणाला कळलं, आणि ती रात्र कोणाच्या हातात होती, एवढंच पाहू.

सुरुवात शब्दापासून करू. संस्कृतात अन्नप्राशन. गृह्यसूत्रांनी आणि मनुस्मृतीनेही त्याला सहावा महिना सांगितला. काश्यपसंहिता हा बालरोगांचा आपला जुना ग्रंथ. तो सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्या महिन्यात अन्न, अशा दोन पायऱ्या करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली निश्चित केलं, की पहिले सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध द्यावं. त्याआधी ‘चार ते सहा महिने’ असं सांगितलं जायचं. सूत्रकारांचा सहावा महिना म्हणजे पाच पूर्ण होऊन सहावा चालू, हा फरक आहेच. पण दात येण्याच्या सुमाराला, मान सावरून मूल बसायला लागलं की, हे निरीक्षण दोन्हीकडे एकच.

मराठीने मात्र या संस्काराला वेगळं नाव दिलं, उष्टावण. मुलाचं सहाव्या-आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या-सातव्या, अशी सम-विषमाची रीत. उष्टं या शब्दाला आपल्याकडे किती विटाळ चिकटवलेला आहे, तुम्हाला माहीत आहे. आणि इथे तेच उष्टं सोहळा होऊन बसतं! अन्नाला तोंड लावलं, म्हणजे मूल या जगाच्या पंगतीत आलं. भिवंडीत हा सोहळा अनेक भाषांत होतो. उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांच्या घरी खीर चटवतात, पद्मशाली घरी तेलुगूतून अन्नप्राशन होतं. पहिला घास सगळीकडे गोड खिरीचा असतो, आणि तो एका दिवसाचा असतो. इतिहास घडतो तो दुसऱ्या दिवसापासून. रोज काय भरवायचं?

त्याचं आपल्याकडचं उत्तर होतं खिमट, म्हणजे भाजलेल्या तांदूळ-मुगाचं. गुरगुट्या भात. आणि नाचणी. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतली, पण हजारो वर्षांपूर्वी इकडे येऊन ती आपलीच झाली. जव्हार-मोखाड्यापासून सिंधुदुर्गापर्यंत डोंगरउतारावर ती येते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, इतर धान्यांच्या कितीतरी पट.

आता कृती नीट ऐका, कारण सगळं मर्म तिच्यात आहे. नाचणी निवडून धुवायची, रात्रभर भिजत घालायची. सकाळी उपसून फडक्यात बांधायची. दीड-दोन दिवसांत मोड येतात. मग सावलीत खडखडीत वाळवायची, हलकी भाजायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. हे पीठ डब्यात राहतं. रोज त्यातलं चमचा-दोन चमचे घेऊन ताजं शिजवायचं. दुसरी एक कृती आहे, भिजवून, वाटून, चीक काढून तो वाळवण्याची. त्यालाही सत्त्वच म्हणतात. पण त्यात सालाबरोबर बरंच काही टाकून दिलं जातं, उरतो मुख्यतः स्टार्च. नाव एक, पदार्थ दोन.

मोड आले की काय होतं? दाणा जागा होतो. आतला साठा फोडून कोंबाला खायला घालायचा, म्हणून तो अमायलेज नावाचं विकर तयार करतो. हे विकर स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. धान्यात लोह धरून ठेवणारं फायटेट असतं, तेही कमी होतं. आणि सहा महिन्यांच्या बाळाला लोहाचीच गरज असते, कारण जन्मतः आणलेला साठा तेव्हा संपत आलेला असतो.

हे विकर १८३३ साली पॅरिसमध्ये पायेन आणि पेर्सो या दोघांनी मोड आलेल्या सातूतून वेगळं काढलं. पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याच्या नातवंडांना आईचं दूध मिळेना. त्याने १८६५ साली गव्हाचं पीठ, मोड आलेल्या सातूचं पीठ, गाईचं दूध आणि थोडा क्षार यांचं सूप तयार केलं, आणि दोन वर्षांत ते बाजारात आलं. १८६७ सालीच स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्लेने दूध-पिठाचा बाळआहार काढला. १८७३ साली हॉर्लिक बंधूंचा माल्टचा कारखाना अमेरिकेत उभा राहिला. माल्ट म्हणजे काय? मोड आणून वाळवलेलं धान्य! जे आपल्या घरात फडक्यात बांधलं जात होतं, ते तिकडे बरणीत बसून इकडे विकायला आलं. (हशा)

रात्रभर भिजवलेल्या ओट्सची वंशावळ वेगळी आहे. झुरिकचे डॉक्टर बिर्शर-बेनर १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांना एक पदार्थ देत. एक चमचा ओट्स तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवायचे, त्यात लिंबू, थोडं आटवलेलं दूध आणि किसलेलं अख्खं सफरचंद घालायचं. खरं तर ती सफरचंदाची डिश होती, ओट्स नावापुरते. आणि ती मोठ्या माणसांसाठी होती.

आता इथे एक भेद करायला हवा. दुकानातले ओट्स वाफवून, चपटे करून येतात. वाफवतात, कारण ओटमध्ये स्निग्धांश जास्त, न वाफवता ठेवले तर खवट होतात. पण वाफवल्यावर दाणा मरतो, त्यातली विकरंही जातात. असा दाणा रात्रभर भिजवला तर तो मऊ होईल, जागा होणार नाही. म्हणजे ‘रात्रभर भिजवणं’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या क्रिया आहेत. नाचणीच्या बाबतीत रात्र जिवंत धान्याला मिळते. दुधात भिजवून ठेवलेल्या ओट्सच्या बाबतीत ती तयार झालेल्या अन्नाला मिळते.

आणि तयार अन्नाला रात्र दिली की ती आणखी कोणाला तरी मिळते, जंतूंना. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियामध्ये १९७० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी पाहिलं, की आया सकाळी पेज शिजवून शेतावर जातात आणि तीच पेज तासन् तास ठेवून बाळाला देतात. पावसाळ्यात त्या पेजेत जंतूंची वाढ भयंकर असे, आणि तेव्हाच बाळांना जुलाब लागत. त्या संशोधकांनी १९७८ साली याला दूध सुटणाऱ्या बाळाचा पेच म्हटलं. वरचं अन्न दिलं नाही तर मूल उपाशी, दिलं तर आजारी. भिवंडीचा मे महिना आठवा. वीज गेलेली आहे, फ्रिज असला तरी बंद आहे, आणि कट्ट्यावर दुधातले ओट्स आहेत. त्या वाटीत काय चाललं असेल?

दुसरा धोका पातळ पेजेचा. सहा-सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण वाटीभर मावतं. साध्या पिठाची पेज चमच्याने ओघळेल इतकी सैल हवी, तर शंभर भागांत पीठ पाच-सहा भागच घालता येतं, बाकी पाणी. पोट भरतं, मूल भरत नाही.

या ठिकाणी एका मराठी माणसाचं नाव घेतलंच पाहिजे, डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, साताऱ्याकडच्या बुध गावचा. संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी सांख्यिकी विभाग सांभाळला. त्या काळी जगभर ‘प्रथिनांची दरी’ हा परवलीचा शब्द होता. गरीब देशांतल्या मुलांना प्रथिनांची भुकटी द्या, असं सांगितलं जात होतं. सुखात्म्यांनी आकडे मांडून दाखवलं, की भारतातलं मूल जे खातं तेच पोटभर खाईल तर प्रथिनंही बहुतेक पुरतील. कमी पडतं ते अन्नच. हैदराबादला डॉ. गोपालन यांचंही म्हणणं याच दिशेचं होतं. मग प्रश्न उरला, की एवढ्याशा पोटात पुरेसं अन्न मावणार कसं?

उत्तर फडक्यातल्या मोडांत होतं. म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेत मल्लेशी आणि देशिकाचार यांनी मोड आणलेल्या नाचणी-मुगाचा कमी घट्ट होणारा बाळआहार बांधला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की घट्ट लापशीत मोड आलेल्या धान्याचं चिमूटभर पीठ घातलं की ती बघता बघता सैल होते. म्हणजे तेवढ्याच वाटीत दुप्पट-तिप्पट पीठ मावतं. १९८७ साली नैरोबीला परिषद भरली, तिथेही हीच चर्चा.

तत्त्वज्ञानात गिल्बर्ट राइल यांनी एक भेद केला आहे. ‘असं आहे’ हे माहीत असणं वेगळं आणि ‘कसं करायचं’ हे येणं वेगळं. आपल्या बायकांना अमायलेज माहीत नव्हतं, कृती येत होती. प्रयोगशाळेला अमायलेज माहीत होतं, कृती तिने नंतर ओळखली. पण एक तिसरी गोष्ट राइलच्या भेदात बसत नाही, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माहीत असूनही, येत असूनही, करायला सवड असणं.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास पाहा. १९२० च्या दशकातल्या अहवालांत नोंद आहे, की गिरणीत जाणाऱ्या आया बाळांना अफूची गोळी देत. बाळगोळी म्हणायचे तिला. आई खात्यात असेपर्यंत मूल झोपून राहावं म्हणून. त्या बायका कोकणातून, घाटावरून आल्या होत्या. नाचणीला मोड कसे आणतात हे त्यांना येत नव्हतं का? येत होतं. दिवस त्यांचा नव्हता. म्हणूनच १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले आणि १९२९ साली कायदा झाला, ही घटना बाळाच्या आहाराच्या इतिहासातलीच मानायला हवी.

आणि भिवंडी? इथे यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत रात्रंदिवस चालतो. बायका घरी कांड्या भरतात, धागे कापतात, गोदामांत माल बांधतात. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवडे झाली, म्हणजे बरोबर सहा महिने. पन्नासाहून जास्त नाही, तर पन्नास किंवा अधिक माणसं असतील तिथे पाळणाघरही आलं. पण छोट्या छोट्या गाळ्यांत वाटलेला धंदा आणि घरी बसून केलेलं तुकड्यावरचं काम, इथवर तो कायदा पोचतच नाही. तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कुटुंबं येतात. ज्या डोंगरात नाचणी पिकते तिथलं बाळ भट्टीवर चहात बुडवलेलं बिस्किट खातं. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. तेव्हा तो आपलाच ठाणे जिल्हा होता, हे विसरू नका.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी ज्यांना किमान पुरेसा आहार मिळतो ती फक्त ११.३ टक्के आहेत. हा आकडा केवळ गरिबांचा असता तर इतका खाली गेला नसता. बऱ्या घरांतही पाकीट फोडून भागवलं जातंच. १९९२ च्या कायद्यात २००३ साली झालेल्या दुरुस्तीने दोन वर्षांखालच्या मुलांच्या आहाराच्या जाहिरातींवर बंदी आणली, ते चांगलं झालं. पण जाहिरात बंद केल्याने आईला सवड मिळत नाही.

मग ओट्स द्यायचे की नाही? सहा महिने पूर्ण झाल्यावर खुशाल द्या. बारीक करून, ताजे शिजवून, मऊ करून द्या. पाण्यात भिजवायचे तर शिजवण्याआधी भिजवा. दुधात कालवून रात्रभर बाहेर ठेवू नका. फ्रिज भरवशाचा असेल तर गोष्ट वेगळी, तरी उरलेलं दुसऱ्या वेळी नको. साखर-मीठ नको, वर्षाच्या आत मध अजिबात नको. चमचाभर तेल किंवा तूप, डाळ, अंडं, कुस्करलेलं फळ हळूहळू वाढवा. आईचं दूध चालूच ठेवा. आणि महिन्यातून एकदा नाचणीला मोड आणून पीठ करून ठेवा. लक्षात ठेवायला सोपं सांगतो. रात्र धान्याला द्या, शिजलेल्या अन्नाला देऊ नका.

ते पीठ आईनेच करावं असं कुठे लिहिलंय? आजोबा करू शकतात. रात्रपाळीहून आलेला बाप करू शकतो. एका गल्लीतल्या दहा घरांचं पीठ एका अंगणवाडीत होऊ शकतं. पण त्यासाठी अंगणवाडी सेविकेला पुरेसा पगार हवा, आणि भट्टीवर, गाळ्यांच्या वस्तीत पाळणाघर हवं. इथे नगरसेवक बसले आहेत, त्यांनी माझ्याकडे न बघता हे लिहून घ्यावं. (हशा, टाळ्या)

प्रश्न असतील तर जरूर विचारा, बाळांच्या आयांनी आधी विचारा.