काहील उतरवण्याची वेळ

गेल्या दिवाळीला भाची पेनसिल्व्हेनियाहून आली, ती एक काचेची बरणी घेऊन. आत गडद तपकिरी, चमच्याला धरून राहणारं दाट काहीतरी. ''मामा, हे ॲपल बटर. घरी केलंय मी.'' लोणी त्यात नावालाही नव्हतं. सफरचंदं चिरायची, थोडी साखर आणि दालचिनी घालायची, स्लो कुकरमध्ये दहा-बारा तास ठेवून पाणी आटू द्यायचं. लोण्यासारखं पावाला फासता येतं, म्हणून ते बटर. मी बोटभर चाटून पाहिलं. चव सफरचंदाचीच होती, पण तिच्यामागे माझ्या ओळखीची आणखी एक चव होती. किंचित जळकी, किंचित कडसर. काकवीची.

''झालं हे कळतं कसं गं?'' मी विचारलं.

''थंड बशीत थेंब टाकायचा. कडेनं पाणी सुटलं नाही की झालं.''

माझे आजोबा गुळव्या होते. ते वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकायचे. त्या एका थेंबाने मला प्रवरेच्या काठावरच्या आमच्या गुऱ्हाळाकडे परत नेलं, आणि मग वर्षभर मी त्याचाच इतिहास शोधत राहिलो. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) रस आटवण्याची ही विद्या कशी फोफावली आणि गावागावांतून कशी उठून गेली, त्याची ही हकिगत.

*

गुऱ्हाळ दसरा-दिवाळीच्या सुमारास लागायचं आणि होळी-पाडव्यापर्यंत चालायचं. चरकात ऊस घालणारे, बैल फिरवणारे, चुलवाणात चिपाडं सारणारा जाळव्या आणि काहिलीपाशी गुळव्या अशी सगळ्यांची कामं ठरलेली. उसाचा रस म्हणजे बहुतांशी पाणीच. काहिलीतल्या रसाचे सहातले जवळजवळ पाच भाग वाफ होऊन जात, तेव्हा कुठे गूळ हाती लागे. शंभर किलो ऊस गाळला तर दहा-अकरा किलो गूळ.

रस तापू लागला की वर काळपट मळी येई. तिला पकडण्यासाठी भेंडीची झाडं ठेचून त्यांचं चिकट पाणी रसात सोडत. त्या चिकट्यात कचरा अडकून वर येई आणि झाऱ्याने काढून टाकता येई. आंबटपणा मारायला बेताचा चुना घालत. चुना कमी पडला तर गूळ नीट बसत नाही, जास्त झाला तर काळा पडतो. फेस उतू जाऊ लागला की तेलाचे चार थेंब शिंपडायचे. मग उकळीचा आवाज बदलत जाई. पातळ रसाचा खळखळाट संपून दाट पाकाचा बद्द बद्द असा जड आवाज येऊ लागे.

साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवली तर काकवी. ११८ अंशांच्या आसपास उतरवला तर गूळ. त्यापुढे गेलं की करपलं. आजोबांनी थर्मामीटर कधी पाहिला नव्हता. पाण्यातल्या थेंबाची बोटांनी गोळी वळली, ती वाटीच्या कडेवर आपटून टणक वाजली, की ते एकच शब्द म्हणत, ''उतरा.'' त्यानंतर कुणी पळभरही थांबायचं नाही. चार माणसं काहील उचलून वाफ्यात रिकामी करत.

*

या भागात ऊस जुना होता. पण विहिरीच्या पाण्यावर, मोटेने भिजेल तेवढाच. जिल्हा पर्जन्यछायेचा, बाजरी-ज्वारीचा. १८७६ ते ७८च्या दुष्काळाने आणि शतक संपतानाच्या दुष्काळांनी तो पार पिचला होता. पुढे दारणा धरणाच्या पाण्यावर गोदावरीचे कालवे कोपरगाव-राहात्याकडे आले. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९१०मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६मध्ये पुरं झालं. ओझरच्या बंधाऱ्यातून उजवा आणि डावा कालवा निघाला.

सरकारचा हेतू दुष्काळात अन्नाचं पीक वाचवण्याचा होता. पण बरा पाऊस झालेल्या वर्षी बाजरीसाठी पाणीपट्टी भरायला शेतकरी तयार होईना. बारमाही पाण्याचे पैसे फेडू शकेल असं पीक एकच होतं. नीरा कालव्यावर उसात हात बसलेले सासवडचे माळी शेतकरी इकडे आले, खंडाने जमिनी घेतल्या आणि उसाची शेती दाखवून दिली. लाकडी चरक जाऊन लोखंडी आले. किर्लोस्करवाडीला नांगरांबरोबर उसाचे चरकही तयार होत होते. दुष्काळासाठी काढलेल्या कालव्यांच्या काठाने अशी चुलवाणं पेटली.

*

इथवर लिहून मी थांबलो असतो, तर दिवाळी अंकाला साजेसा गोड लेख झाला असता. पण आजोबा गुऱ्हाळाबद्दल गोड बोलत नसत.

आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा. तोवर लागवड, खत, पाणीपट्टी सगळं उसनवारीवर. पेठेतला अडत्या उचल द्यायचा ती गूळ त्याच्याच दुकानी घालण्याच्या अटीवर. गूळ साठवून भावाची वाट पाहावी, तर तो पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतो, पाघळतो. त्यामुळे सगळ्यांचा गूळ एकाच वेळी बाजारात, आणि भाव घेणाऱ्याच्या हाती. १९२९नंतरच्या जागतिक मंदीत तो भाव कोसळला, तेव्हा कालव्याकाठच्या कित्येक बागायतदारांची अवस्था कोरडवाहू शेतकऱ्याहून वाईट झाली. कारण कोरडवाहू शेतकऱ्याला इतकं कर्ज कुणी दिलंच नव्हतं.

त्याच काळातली एक गोष्ट आजोबा सांगत. एका पहाटे त्यांचा डोळा लागला. जाळव्याने जाळ वाढवला आणि एक काहील करपली. त्या ढेपा कुणी घेतल्या नाहीत, जनावरांना घातल्या. ऊस दुसऱ्याचा होता. आजोबांनी त्या हंगामाची मजुरी घेतली नाही. ही गोष्ट त्यांनी मला बऱ्याचदा सांगितली. दर वेळी शेवटी ते म्हणत, ''पोरा, डोळा लागण्याला किंमत असते.''

*

साखर कारखाने या भागात आधीच आले होते. हरेगावची बेलापूर कंपनी १९२०च्या दशकात, टिळकनगरचा कारखाना १९३०च्या दशकात. १९३२च्या कायद्याने देशी साखरेला संरक्षण मिळालं आणि खासगी कारखानदारीला जोर आला. पण या कंपन्यांचा भर खंडाने घेतलेल्या आपल्या जमिनींवर. गूळ करणारा शेतकरी बाहेरच राहिला.

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील याच गूळवाल्यांतले. १९२३मध्ये त्यांनी गावात सहकारी पतपेढी उभी केली होती. १९४५मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, दख्खनच्या कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी तिथे शेतकऱ्यांच्या मालकीच्या साखर कारखान्याचा विचार मांडला. विखे पाटलांनी गावोगाव हिंडून भागभांडवल जमवलं. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी राहिले. गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले, आणि १९५०च्या अखेरीस प्रवरानगरला दिवसाला पाचशे टन गाळपाच्या कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला.

रस तिथेही आटवतात, पण निराळ्या रीतीने. १८१३मध्ये एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने निर्वात कढईचं पेटंट घेतलं. आतली हवा काढून घेतली की पाक शंभर अंशांच्या बराच खाली उकळतो. करपण्याची भीती जाते, रंग धरत नाही, साखर पांढरी राहते. गुळाचा तपकिरी रंग आणि खरपूस वास उघड्या जाळावर आटताना येतो. निर्वात कढईत त्याला वावच नाही. तिथे माणूस काचेतून पाहतो आणि तापमापक वाचतो. साखर गोणीत भरली की पावसाळाभर टिकते. भाव येईपर्यंत थांबता येतं.

आजोबांनी कारखान्याचा भाग घेतला. कर्ज काढून घेतला. चार-पाच वर्षांत आमची काहील मोडीत गेली. गुऱ्हाळ गेल्याचं त्यांना दुःख झालं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पण उसाचं पहिलं बिल मिळालं त्या दिवशी ते दुपारी झोपले, असं आजी सांगायची. गळीत हंगामात ते दुपारी झोपल्याचं तिने त्याआधी पाहिलं नव्हतं.

*

आता पुन्हा भाचीच्या बरणीकडे. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कुटुंबांत शरद ऋतूत अंगणात तांब्याचं मोठं पातेलं चढवून ॲपल बटर करायची जुनी रीत. सारा शेजार जमायचा आणि लांब दांड्याचा घोटा दिवसभर पाळीपाळीने फिरायचा. तळ लागू नये म्हणून काही जण पातेल्यात तांब्याची नाणी टाकत. ती तळाशी फिरत राहत. म्हणजे करपण्याची धास्ती तिथेही होतीच.

ती धास्ती घालवणारं यंत्र शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन या अभियंत्याचं. त्यांच्या आईचं बालपण लिथुआनियातलं. तिथे शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी ज्यू कुटुंबं कडधान्याची हंडी बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवत. ती आठवण ऐकून नॅक्सननी मंद आचेचं विजेचं भांडं बनवलं आणि १९४०मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. १९७१पासून ते क्रॉक-पॉट या नावाने अमेरिकेच्या घराघरांत गेलं. नोकरीवर जाणाऱ्या बाईला ते हवंच होतं: भांड्यापाशी कुणी बसायला नको.

भाचीने जाताना इथल्या विजेवर चालणारा एक स्लो कुकर घेऊन दिला. सफरचंदाऐवजी मी राहात्याचे पेरू घेतले. तेही कालव्याचंच लेकरू. दोन किलो पेरू उकडले, चाळणीवर घोटून बिया काढल्या. गरात पाव किलो गूळ, एका लिंबाचा रस, थोडी सुंठ. वाफ जावी म्हणून झाकण लाकडी चमच्यावर तिरकं ठेवलं आणि आठ तास लावून आडवा झालो. डोळा लागला. काही बिघडलं नाही.

आठ तासांनी यंत्राने शीळ घातली. गर आटून निम्म्यावर आला होता, रंग विटकरी झाला होता. गार बशीत थेंब टाकला. कडेनं पाणी सुटलं. अजून उतरवायची वेळ झाली नव्हती. मी खुर्ची ओढून कुकरपाशी बसलो.