एका शब्दासाठी सभात्याग

माणूस भाषेतून विचार करतो, की भाषाच माणसाकडून विचार करवून घेते? हा प्रश्न पंडितांचा मानला जातो. पण १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत तो मांडला गेला, आणि मांडणारे होते नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव गायकवाड, म्हणजे आपले कर्मवीर दादासाहेब.

दादासाहेब म्हटले की आपल्याला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी पंचवटीत तो सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद झाले, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, तरी लढा पुढे काही वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. याच माणसांनी एका शब्दासाठी दिलेली झुंज मात्र फारशी कोणी सांगत नाही.

तेव्हा बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर होते. लोकल बोर्डांच्या कायद्यात दुरुस्ती करताना अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हे नाव घालण्याचे ठरले. गांधीजींनी हा शब्द आपुलकीने रूढ केला होता. १९३३ मध्ये त्याच नावाचे साप्ताहिकही निघाले होते. दादासाहेबांनी या नावाला विरोध केला. आम्ही देवाची माणसे असू, तर उरलेले लोक काय राक्षसांचे समजायचे, असा त्यांचा सरळ सवाल होता. सरकारने ऐकले नाही, तेव्हा बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी सभात्याग केला.

आज एखाद्याला वाटेल, पाणवठे खुले व्हायचे बाकी असताना एका शब्दासाठी एवढे का ताणायचे? त्याचे उत्तर मला आपल्या व्याकरणात सापडते. 'अस्पृश्य' म्हणजे ज्याला शिवू नये असा. जणू दोष त्या माणसाच्या अंगातच आहे. 'हरिजन' शब्दाने दोष काढला आणि तिथे देवाची कृपा ठेवली, पण गोष्ट त्याच माणसापाशी थांबली. आता 'बहिष्कृत' हा शब्द घ्या. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले. बहिष्कृत म्हणजे बाहेर काढलेला. 'दलित' म्हणजे तुडवलेला. 'काढलेला', 'तुडवलेला' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येते : कोणी? पहिल्या दोन शब्दांत हा प्रश्न उगवतच नाही.

'विटाळ' शब्दाचीही हीच गंमत आहे. 'मला विटाळ झाला' या वाक्यात कोणी काहीच करत नाही. पाऊस व्हावा तसा विटाळ होतो. 'मी त्याला पाणी दिले नाही' असे म्हणायचे तर 'मी' तोंडातून काढावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या चांगली, देवभीरू माणसे हा 'मी' उच्चारल्याशिवाय बोलत राहिली, म्हणून त्यांना अन्याय केल्यासारखे वाटलेही नसावे.

अमेरिकेत बेंजामिन व्होर्फ नावाचा एक भाषाभ्यासक आगविम्याच्या कंपनीत नोकरी करत असे. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात, पण पिंपे 'रिकामी' म्हटली की शेजारी खुशाल सिगारेट ओढतात, हे त्याच्या ध्यानात आले. प्रत्यक्षात रिकाम्या पिंपातली वाफ जास्त धोक्याची. 'रिकामे' या शब्दाने धोका डोळ्यांआड केला होता. भाषा विचारांना कुलूप घालत नाही, ती फक्त काही दारे सताड उघडी ठेवते आणि काही लोटून घेते. लोटलेले दार ढकलायला कोणीतरी लागतो.

असे दार ढकलणारे एक लेखक नाशिकनेच दिले. बाबुराव बागूल हे विहितगावचे. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह १९६३ मध्ये आला. जात लपवणे आपण म्हणतो, 'चोरणे' म्हणत नाही. चोरी दुसऱ्याच्या वस्तूची होते. म्हणजे माझी जात माझी नव्हेच, ती समाजाच्या हिशेबातली वस्तू, ती मी लपवली तर मी चोर! एवढा सगळा विचार त्या एका क्रियापदाने उभा केला.

शब्द बदलला की माणूस बदलतोच असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलेच झाले. पण पाटी बदलल्यावरही जुने नाव नव्या शब्दात शिरू शकते, तिथे भाषा आपली पहारेकरी होत नाही. पहारा आपल्यालाच करावा लागतो.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही'त ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण'मध्ये तो आत येतो. पुष्कळ भाषांना ही सोय नाही. आणि तरीही भाड्याने घर देताना, स्थळ बघताना आपण हळूच विचारतो, 'आपल्यातलेच आहेत ना?' सगळ्यांना आत घेणारा शब्द, आणि त्यानेच आपण दार लावतो. पुढच्या वेळी हे वाक्य तोंडाशी येईल तेव्हा क्षणभर थांबून स्वतःला विचारावे, हे 'आपण' म्हणजे नक्की कोण?